वर्षभर चिंता नाय

रंगनाथ मिस्त्रीचे कान त्याच्या आईनं नवसानं मागून घेतले असावेत, असं मी सगळ्यांना सांगायचो. दिंडोरी नाक्याजवळच्या पत्र्याच्या गॅरेजमध्ये तो लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. "तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह वाजतोय, वकीलसाहेब." उघडून बघावं तर तिसराच. माझी जुनी फियाट त्याच्या कानावरच चालली.

१९९१ पासून आमचा एक नेम होता. दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली, की झेंडूचा पहिला हार माझ्या फियाटला. मग मी इंजिन सुरू करायचं, त्यानं ऐकायचं आणि म्हणायचं, "जा बिनघोर. वर्षभर चिंता नाय." दुखणं ऐकू आलं तर तो शब्द देत नसे. एकदा तर ऐन सणाला कार्बोरेटर खोलून बसला आणि आमच्या घरची पंगत तीन वाजेपर्यंत खोळंबली. बायको चिडली, पण न ऐकता बोलेल तो रंगनाथ कसला!

२००८ साली माझ्या मुलानं, महेशनं, बाहेरून हायब्रीड गाडी मागवली. पेट्रोलचं इंजिन आणि जोडीला विजेची मोटर. फियाट भंगारात गेली. मी अडवलं नाही, हे कबूल करतो. दसऱ्याला नवी गाडी घेऊन गॅरेजवर गेलो.

मिस्त्रीनं हार घातला, नारळ फोडला, बॉनेट उघडलं. आत सगळं प्लॅस्टिकच्या झाकणाखाली. कडेला जागा शोधून त्यानं टोक टेकवलं. मी बटण दाबलं. दिवा लागला, आवाज नाही.

"स्टार्टर मारा की."

"सुरूच आहे."

त्यानं कान बदलला. बॅटरी भरलेली असली की इंजिन गप्प राहतं, गरज पडली की आपोआप सुरू होतं, असं मी समजावलं. तेवढ्यात ते खरंच सुरू झालं. मिस्त्री हसला, वाकला, टोक टेकवलं, आणि ते बंद झालं. तीनदा हेच. जमलेली गिऱ्हाइकं हसू लागली. मीही हसलो. त्याची अजून लाज वाटते.

"फियाट बोलायची, साहेब. हिचं दुखणं हिलाच ठावं."

"वर्षभराचं सांगा ना, मिस्त्री."

"न ऐकता कसं सांगू?"

मी तसाच परतलो.

नव्या गाडीची तपासणी कंपनीतच व्हायची. तिथं वायर जोडली की कॉम्प्युटरच दुखणं सांगतो. पुढच्या दसऱ्याला मिस्त्रीकडे कोणत्या तोंडानं जायचं? गेलोच नाही.

दुपारी आमच्या घराच्या फाटकाशी तोच उभा. पायी आला होता, हातात झेंडूचा हार. स्क्रूड्रायव्हर आणला नव्हता.

"सकाळपास्नं एक बी गाडी आली नाय," तो म्हणाला. "पहिला हार तसाच राहिला व्हता."

त्यानं हार गाडीवर ठेवला आणि माझ्या हातात आपट्याची पानं दिली. मग गाडीकडे न बघताच म्हणाला, "जा बिनघोर. वर्षभर चिंता नाय."

अठरा वर्षांत तो पहिल्यांदाच न ऐकता बोलला होता. आणि कोर्टात भल्याभल्यांना घाम फोडणारा मी, नुसता "बरं" म्हणालो.