अप्पांचं शून्य

आमच्या वेस्ट मांबलमच्या घरात एक नियम होता. चपला बाहेर काढल्या की तमिळही बाहेर. आत मराठी, तीही आमची तंजावरची. पुण्याची माणसं ऐकून हसतात, हसोत बापडी. अप्पांनी जन्मभर कचेरीत तमिळमध्ये फायली रेटल्या, पण उंबऱ्याच्या आत आम्ही एक तमिळ वाक्य बोललो की ते जेवता जेवता हात थांबवून बघत.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि दोन्ही भाषा गेल्या.

शहरातल्या एका केंद्रात अशा वाचा गेलेल्या लोकांचा अभ्यास चालला होता. चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले होते. एका गटाला नेहमीचे व्यायाम, दुसऱ्याला मांडीवर ठेका धरून शब्द म्हणायची नवी पद्धत. अप्पा ठेक्याच्या गटात आले. शेवटी सगळ्यांची चाचणी होणार होती: चित्र बघायचं आणि नाव सांगायचं. ठेक्याच्या गटाची सरासरी खरोखर वरचढ ठरली तरच तो वर्ग पुढे चालणार, नाहीतर बंद. अप्पांच्या तोंडून शब्द निघाले ते फक्त त्या वर्गात. म्हणून मला धास्ती होती.

गंमत अशी की माझं पोट याच हिशेबावर चालतं. सिरुसेरीला माझी कंपनी अर्ध्या लोकांना निळं बटण दाखवते, अर्ध्यांना हिरवं, आणि बटण किती वेळा दाबलं गेलं याच्या दोन्हीकडच्या सरासऱ्या मी ताडून बघते. दोन सरासऱ्या तंतोतंत सारख्या कधीच येत नाहीत. एकाच पिठाचे दोन डोसे तरी कुठे सारखे होतात? बघायचं एवढंच, की गटागटातला फरक प्रत्येक गटाच्या आतल्या चढउतारापुढे उठून दिसतो, की तो नुसत्या योगायोगानेही पडला असता. बटणांच्या बाबतीत "फरक सिद्ध होत नाही" असं सांगून मी खुशाल कॉफी प्यायला जाते.

केंद्राच्या डॉक्टरबाईंनी अप्पा, अम्मा आणि मला निकाल सांगायला बोलावलं तेव्हा हेच वाक्य मला ऐकावं लागलं. ठेक्याचा गट थोडा पुढे होता, पण खात्रीने सांगावं इतका नाही. मी अप्पांचे गुण विचारले. शून्य.

"शून्य कसं? वर्गात मी स्वतः त्यांचे शब्द ऐकलेत!" माझा आवाज चढला. बाईंनी शांतपणे चाचणीचं रेकॉर्डिंग लावलं. कुलपाचं चित्र होतं, तमिळ उत्तर हवं होतं: पूट्टु. अप्पांचा आवाज आला, अडखळत पण स्वच्छ: "कुलुप." पुढे विळीचं चित्र. "विळी." तपासणाऱ्या मुलीला मराठीचा गंध नव्हता. तिने अर्थहीन आवाज म्हणून सगळं सोडून दिलं होतं.

"तिथे कसाला मराठी बोल्ले हे?" अम्माने विचारलं. मला दाराशी ओळीने काढलेल्या चपला दिसल्या. वर्ग बाहेरच्या हॉलमध्ये भरायचा, पायांत चपला असायच्या आणि अप्पा तमिळ शब्द म्हणायचे. चाचणीच्या खोलीत मात्र अनवाणी जायचं होतं. सगळं विसरलेल्या माझ्या बापाला घरचा नियम आठवत होता. मला तिथेच रडू आलं.

"गुण दुरुस्त करते," बाई म्हणाल्या, "पण मग घरच्या भाषेतलं उत्तर सगळ्यांचंच बरोबर धरावं लागेल." बरोबर होतं, मीही हेच म्हटलं असतं. दुसऱ्या गटात एक तेलुगू आजी होती. तिनेही घरच्या भाषेत उत्तरं देऊन शून्य मिळवलं होतं. तिचेही गुण वाढले. दोन्ही सरासऱ्या वर गेल्या आणि मधलं अंतर जवळपास होतं तेवढंच राहिलं. करायला गेले गणपती, झाला मारुती. ज्या आजीला मी कधी पाहिलंही नव्हतं तिचा मला भयंकर राग आला.

"फरक सिद्ध झाला नाही याचा अर्थ फरक नाहीच असा होत नाही," बाई हळूच म्हणाल्या. हे मी रोज लोकांना ऐकवते. वर्ग बंद झाला होता तो झालाच होता.

अम्माने अप्पांच्या पायांत चपला सरकवल्या. बाहेर पडताना ते सवयीने हॉलकडे वळले. दाराला कुलूप होतं. अप्पांनी त्याच्याकडे नीट पाहिलं, चांगल्या हाताने मांडीवर दोनदा ठेका धरला आणि म्हणाले, "पूट्-टु."

"बरोबर, अप्पा," मी म्हटलं. तिथे लिहून घ्यायला कोणी नव्हतं. मी त्यांचा दंड धरला, पण ते हलेनात. दार कोणीतरी उघडेल म्हणून ते वाट बघत उभे होते.