वासाचा डबा

आमच्या हॉटेलांना लोक चेन म्हणायला लागले तेव्हा वडिलांना हसू यायचं. चार ठिकाणी एकच रस्सा मिळतो, त्याला चेन म्हणतात होय, असं विचारायचे आणि पुन्हा कामाला लागायचे. पहिलं हॉटेल सिन्नर रोडला, पत्र्याच्या शेडमध्ये. दुसरं वणीच्या रस्त्याला, तिसरं सातपूरला कारखान्यांजवळ आणि चौथं गंगापूर रोडला, काचेच्या दाराचं, एसीवालं. चारही ठिकाणी काळ्या मसाल्याचं मटण, बाजरीची भाकरी, कांदा, लिंबू. बास. भात मागितला तर मिळायचा, पण मागणाऱ्याकडे वडील आजारी माणसाकडे बघावं तसं बघायचे. आज त्यातलं फक्त सिन्नर रोडचं उरलंय. बाकीची तीन कशी गेली असं नातेवाईक विचारतात. मी सांगते, गिऱ्हाईक बदललं, पोरांना आता पिझ्झा लागतो. ते खोटं आहे.

एवढ्या मटणामागे जी बाई होती, तिनं आयुष्यात मटणाचा तुकडा तोंडात घातला नव्हता. माझी आई माळकरी घरातली. गळ्यात तुळशीची माळ घेऊन ती सासरी आली, आणि सासरी दर रविवारी मटण शिजायचं. आजीनं सांगितलं, तू खाऊ नकोस, पण रांधावं तुलाच लागेल. मग आई चव न घेता रांधायला शिकली. झाकण काढायचं, वाफेवर वाकायचं, डोळे मिटायचे. कांदा कच्चा राहिलाय. खोबरं जास्त झालंय. मीठ अजून चिमूटभर. मिठाला वास नसतो, असं मी शाळेतून शिकून येऊन तिला ऐकवलं होतं. "तुझ्या बाईंना सांग, रश्श्यातल्या मिठाला असतो," ती म्हणाली, आणि तिनं घातलेलं मीठ कधी चुकलं नाही हेही खरं.

हॉटेलं वाढली तशी त्याची पद्धतच पडली. सकाळी साडेदहाच्या सुमाराला प्रत्येक हॉटेलातून पहिल्या पातेल्यातला रस्सा स्टीलच्या छोट्या डब्यात घरी यायचा. आम्ही त्याला वासाचा डबा म्हणायचो. आई पूजा आटोपून स्वयंपाकघरात पाटावर बसायची, समोर चार डबे. एकेकाचं झाकण उघडून वास घ्यायची आणि निकाल द्यायची. तो निकाल फोनवर कळेपर्यंत पहिलं ताट वाढलं जायचं नाही, मग बाहेर गिऱ्हाईक कितीही ताटकळो. तिच्याआधी आचाऱ्यांनी चव घ्यायची नाही, ही वडिलांची सक्त ताकीद होती. वास घेऊन झाला की डब्यातला रस्सा गल्लीतल्या कुत्र्यांना जायचा. घरात तो कुणी चाखत नसे. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळेच झालं.

आमचे मुख्य आचारी सुरगाण्याकडचे. मी त्यांना काका म्हणायचे, ते आईला वहिनी म्हणायचे. द्राक्षाच्या छाटणीला टोळीबरोबर खाली नाशकाकडे यायचे, तेव्हा एकदा शेडवर जेवायला बसले आणि रस्सा ओरपता ओरपता वडिलांना म्हणाले, "शेठ, आज कांदा घाईत भाजलाय." आमचे वडील एरवी असल्या माणसाला ताटावरून उठवणारे. पण आईनंही सकाळी नेमकं हेच सांगितलं होतं. ते काकांना हाताला धरून आत चुलीपाशी घेऊन गेले. काका पुन्हा छाटणीला गेले नाहीत.

उन्हाळ्यात वर्षाचा मसाला आमच्या गच्चीवर भाजला जायचा. दगडफूल, खोबरं, वाळवलेला कांदा, धणे, मिरच्या. काका उलथनं फिरवायचे आणि आई शेजारी स्टुलावर बसायची. ती "बास" म्हणाली की कढई खाली. जरा उशीर झाला की मसाला कडू पडतो आणि मग त्याला काही इलाज नसतो. दळून आलेला मसाला काकांच्या ताब्यात असायचा, चारही हॉटेलांना तेच वाटून द्यायचे. वडील गेल्यावर धंदा माझ्याकडे आला, तरी यातलं काही बदललं नाही. स्वभावानं मी वडिलांवर गेलेय. डोक्यात तिडीक गेली की मला समोरचा दिसत नाही.

साथीच्या दुसऱ्या वर्षी आईला ताप आला. पंधरा दिवस ती अंथरुणाला खिळली होती. उठली, चार घास खायला लागली, आणि आम्ही सुटलो म्हणालो. त्याच उन्हाळ्यात मसाला भाजला. हॉटेलं पुन्हा सुरू झाली आणि तक्रारी यायला लागल्या. आधी सातपूरहून, मग सगळीकडून. रस्सा कडवट लागतो. मी जाऊन खाल्ला. कडवट होता, घशाला धरत होता.

घरी मात्र रोज चार डबे येत होते आणि आई झाकण उघडून म्हणत होती, बरोबर आहे. कधी म्हणायची, वणीच्या रस्त्यावाल्यांना सांग, खोबरं जरा हात राखून घाला. मी माझं डोकं चालवलं. डब्यात बरोबर आणि ताटात कडू, म्हणजे मधे कुणीतरी हात मारतंय. तेव्हाच सिन्नर फाट्याला एक नवा ढाबा निघाला होता, आणि तिथला रस्सा थेट तुमच्यासारखा लागतो असं दोघातिघांनी येऊन सांगितलं. मसाला कुणाच्या ताब्यात? काकांच्या. झालं माझं गणित.

तरी मी आईला विचारलं. एवढं तरी केलं, असं पुढे बरेच दिवस मी स्वतःला सांगत होते. काकांच्या ताब्यातला मसाल्याचा डबा घरी आणला, तिच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "हा तू भाजलेला मसाला आहे का?" तिनं चिमूट हातावर घेतली. नाकाशी धरली. बराच वेळ धरली.

"नाही," ती म्हणाली. "हा माझा नाही."

आमच्या घरात यावर अपील नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चारही हॉटेलांचे आचारी सिन्नर रोडच्या शेडमध्ये बोलावले आणि सगळ्यांसमोर काकांना म्हटलं, "आमचा मसाला बाहेर विकलात आणि आम्हाला भेसळ चारलीत." मी यापेक्षा वाईटही बोलले. ते इथे लिहायची मला लाज वाटते. काका उभे होते. त्यांनी एवढंच विचारलं, "ताई, वहिनींनी सोताच्या नाकानं वास घेतला?"

"हो. तिनंच सांगितलं."

खांद्यावरचा पंचा काढून त्यांनी भट्टीच्या कट्ट्यावर ठेवला, घडी घालून. "मंग मी काय बोलू," म्हणाले आणि निघाले. मी तिथेच थांबले असते तरी एक वेळ ठीक होतं. पण मी ओळखीच्या हॉटेलवाल्यांना फोन केले, या माणसाला ठेवू नका, हात लांब आहे त्याचा. त्यांना नाशकात कुणी उभं केलं नाही. साठीच्या घरात आलेला माणूस पुन्हा छाटणीच्या टोळीबरोबर बागेत उतरला.

काका गेल्यावर कडवटपणा गेला नाही. मी म्हटलं, जुना मसाला संपेपर्यंत राहणारच. पुढच्या उन्हाळ्यात नवा भाजला. उलथनं माझ्या हातात आणि आई स्टुलावर. कढईतून काळा धूर यायला लागला, माझ्या डोळ्यांतून पाणी. "आई, बास का?" "थांब अजून." मी थांबले. तिच्यावर शंका घेणं मला सुचलंच नाही, आणि तो मसाला तर आदल्या वर्षीपेक्षा कडू झाला. गंगापूर रोडचं हॉटेल आधी बंद झालं, मग सातपूरचं, मग वणीच्या रस्त्याचं. वडिलांनी आयुष्य घालून उभं केलेलं दोन वर्षांत आटपलं. त्या सगळ्याचं खापर, उलथनं माझ्या अडाणी हातात आलं याचंसुद्धा, मी मनातल्या मनात काकांवर फोडत राहिले.

मग एका दुपारी मी घरी आले. दार उघडलं आणि गॅसचा वास भसकन अंगावर आला. स्वयंपाकघरात दूध उतू जाऊन शेगडी विझली होती, बटण तसंच चालू. आई शेगडीपासून दोन हातांवर बसून मेथी निवडत होती. शांतपणे. मला बघून म्हणाली, "आलीस? चहा टाकते," आणि लायटरकडे हात नेला. मी झडप घालून तिचा हात धरला. खिडक्या उघडल्या, बटण बंद केलं, परत येऊन तिच्यासमोर बसले.

"आई, तुला वास येत नाही?"

ती मेथीच्या काड्या एका बाजूला करत राहिली. मग म्हणाली, "त्या तापात गेला. मला वाटलं, येईल परत."

"आणि काकांचा मसाला?"

"तू डबा पुढ्यात आणून ठेवलास. तुझा चेहरा असा होता. माझा आहे म्हटलं असतं, तर मग कडू का, म्हणाली असतीस." पुढची जुडी हातात घेत म्हणाली, "मला वास घेता येतो म्हणून तर मी आहे या घरात. दुसरं काय येतं मला?"

मला राग यायला हवा होता. आलाही, पण कुणाचा ते मला आजही नीट सांगता येत नाही.

त्याच आठवड्यात मी सुरगाण्याच्या वाटेला लागले. काका घरी होते, छातीत दुखतं म्हणून त्या हंगामात बागेत गेले नव्हते. मी त्यांचे पाय धरले. त्यांनी मला उठवलं आणि चटई टाकली. त्यांना सगळं माहीत होतं. गच्चीवर भाजतानाच त्यांना कळलं होतं. "म्या दोनदा म्हनलं, वहिनी, झालं. त्या म्हनल्या, थांब. तवाच वळखलं." मग एकदा मुद्दाम आदल्या दिवशीचा आंबलेला रस्सा डब्यात भरून पाठवला होता. निरोप आला, बरोबर आहे.

"मग बोलला का नाहीत तुम्ही?"

"चार मानसांत सांगू, वहिनींचं नाक गेलं म्हनून? तुमी इचारायला पायजे व्हतं, ताई. मी सांगायला नाय."

परत या म्हटलं, तर नको म्हणाले. मागितलं त्यांनी एकच. त्या दिवशी शेडमध्ये जे आचारी उभे होते, त्यांना बोलवून सांगा की मी चोर नाय. "गावात मला त्याच नावानं वळखत्यात. नातवंडं मोठी व्हतील आता." मी वचन दिलं. निघताना म्हटलं, "काका, आई आहे तोवर जरा थांबाल? तिचं वय झालंय. हे बाहेर फुटलं तर ती हाय खाईल." त्यांनी मान हलवली. थांबतो म्हणाले. त्यांनी माझ्या आईला एकदा वाचवलं होतं, त्या माणसाला मी पुन्हा तेच करायला सांगितलं, आणि मोठं समजूतदार काम केल्यासारखी घरी आले.

सिन्नर रोडच्या हॉटेलाचा मसाला आता मी भाजते. आई शेजारी बसून थांब म्हणते आणि मी तिला न विचारता कढई उतरवते. सकाळी एक डबा घरी येतो. ती झाकण उघडते, वाकते, डोळे मिटते, बरोबर आहे म्हणते. मी हॉटेलात फोन करते. रस्सा तोवर तिथे कधीच वाढून झालेला असतो.

या वर्षी छाटणीच्या सुमाराला काका गेले. त्यांच्या सुनेचा फोन आला तेव्हा सगळं उरकलेलं होतं. दहाव्याला मी गेले. मंडळी अंगणात बसली होती, माझ्याकडे बघून काहीजण एकमेकांशी कुजबुजले. सुनेनं मला ओसरीवर आत घेतलं, चहा आणला, आणि दाराकडे एकदा बघून हळू आवाजात विचारलं, "ताई, आता गेले ते. एकदा खरं सांगा, त्यांनी तुमचं काय नेलं व्हतं?"

"काही नाही," मी म्हटलं. "त्यांनी काहीच नेलं नव्हतं. चूक आमची होती."

यापुढचं वाक्य आईबद्दलचं होतं. ते बोलल्याशिवाय आधीच्याला काही अर्थ नव्हता, हे मला कळत होतं. ते माझ्या तोंडातून निघालं नाही. सून माझ्याकडे बघत होती. तिचे डोळे भरून आले आणि तिनं माझ्या हातावर हात ठेवला.

"मेलेल्या मानसाला वाईट म्हनायचं नाय म्हनून तुमी असं म्हनता," ती म्हणाली. "ताई, तुमचं मन लय मोठं हाय."

मी मान खाली घातली आणि चहा प्यायले.