पुन्हाबाई आणि उरलेला अर्धा बोळा

प्रयोगशाळेत त्यांना सारे पाठीमागे ‘पुन्हाबाई’ म्हणत, कारण कोणतीही तपासणी एकदा करून त्यांचे समाधान होत नसे. काम नाजूक होते. ज्या स्त्रीवर अत्याचार झाला, तिच्या अंगावरून डॉक्टरांनी कापसाच्या बोळ्याने टिपलेले नमुने मोहोरबंद पाकिटांतून त्यांच्या टेबलावर येत. निरोध वापरला म्हणजे मागे काहीच उरत नाही, असा गुन्हेगाराचा समज असतो. परंतु निरोधावरचे तेल उरते. डोळ्यांना न दिसणारे ते तेल पुन्हाबाई द्रावकात उतरवीत आणि यंत्राने कागदावर काढलेल्या रेघेच्या चढउतारांवरून ओळखीत. सत्तावीस वर्षे त्यांनी हेच केले.

घरी नणंद चिडवी, “वहिनी, तुमच्या हात धुण्यावर साबणवाल्याने माडी बांधली.” त्या हसत आणि हात धूत राहत.

एका मुलीच्या प्रकरणात त्यांनी तेल सापडल्याचा अहवाल दिला. त्या दुपारी गोदामात आपण दोघेच होतो, हे आरोपीला मान्य होते. मात्र काही घडलेच नाही, मुलगी रचून सांगते, असे त्याचे म्हणणे होते. त्यामुळे सारी भिस्त या अहवालावर होती.

प्रत्येक नमुन्याआधी एक कोरा, कोणालाही न लावलेला बोळा तपासायचा आणि तो निर्मळ निघाला तरच पुढे जायचे, हा पुन्हाबाईंचा नेम. सुनावणीला आठ दिवस उरले असता, दुसऱ्याच एका कामात, कोऱ्या बोळ्यात तेल निघाले. शोधता शोधता त्या हातमोज्यांच्या नव्या खोक्यापाशी येऊन थांबल्या. मोज्यांनाच तसले तेल होते. मुलीचा नमुना त्याच खोक्यातल्या मोज्यांनी हाताळलेला. तो तपासला त्या दिवशी कामाच्या रेट्यात त्यांनी आदल्या दिवशीच्या कोऱ्या बोळ्यावर भागवले होते, आणि आदल्या दिवशीचे मोजे जुन्या खोक्यातले होते. त्या उठून प्रयोगशाळेच्या साहेबांकडे गेल्या.

साहेब म्हणाले, “बाई, अहवाल कधीच गेला. आता कशाला उकरून काढता? कोण विचारणार आहे?”

“वकील विचारतील, साहेब. त्या मुलीच्या देखत विचारतील. त्यापेक्षा मीच सांगते.”

“आणि दुसऱ्यांदा काही निघालंच नाही तर?”

“तर तसं लिहीन.”

पहिला अहवाल मागे घेत असल्याचे पत्र त्यांनी स्वहस्ते लिहिले. डॉक्टर बोळ्याचा अर्धा भाग वेगळ्या पाकिटात मोहोरबंद करून पाठवीत, आणि तो न उघडता शीतपेटीत राखून ठेवण्याची तेथे पद्धत होती. मुलीची आशा आता त्या अर्ध्या बोळ्यावर होती. मोजे तपासून घेतले, चिमटे तीनदा धुतले. कोरा बोळा लावला, रेघ सपाट. मग राखलेला अर्धा.

“बाई, बसा तरी,” सहकारी म्हणाली.

“यंत्र बसवेल तेव्हा बसेन.”

रेघ वर चढली. त्यांनी पुन्हा एक कोरा बोळा लावला. सपाट.

न्यायालयात आरोपीच्या वकिलांनी विचारले, “म्हणजे तुमची चूक झाली होती?”

“हो, माझीच. पत्रात लिहिलंय.”

“मग आज तुमच्यावर विश्वास का ठेवायचा?”

“माझ्यावर नका ठेवू. हे तीन कागद बघा. हे तेल तिथं कुणामुळे आलं, ते मला सांगता येणार नाही. ते होतं, एवढं मात्र सांगते.”

वकिलांनी कागद उलटसुलट पाहिले आणि ते खाली बसले.

निकालात न्यायाधीशांनी मुलीचे म्हणणे खरे मानले. जिने आपली चूक कोणी न विचारता कळवली, तिच्या दुसऱ्या अहवालावर शंका घेण्यास जागा नाही, असेही त्यांनी त्यात नमूद केले.