व्हर्लीनचा टी-शर्टांचा खण

व्हर्लीन डूसेटच्या कपाटातला एक अख्खा खण बंद पडलेल्या शाळांच्या टी-शर्टांनी भरला होता. न्यू ऑर्लिन्सच्या चार्टर शाळांचं असंच. पैसा सरकारचा, कारभार खाजगी मंडळाचा. निकाल घसरला की मंडळ गाशा गुंडाळतं, दुसरं येतं, त्याच इमारतीला नवं नाव नि नवा रंग. मे महिन्यात पुढच्या वर्षीचा टी-शर्ट हातात पडला की समजायचं, आपली जागा पक्की. पोरांचं तेच, मास्तरांचंही तेच. जुने टी-शर्ट व्हर्लीन झोपताना घालायची. विशेष मुलांना शिकवता शिकवता तिची कंबर कामातून गेली होती.

आताच्या या शाळेत वर्गाबाहेर पडलं की हात मागे, तोंड बंद, जमिनीवरच्या पट्टीवरून चालायचं. तिच्या वर्गातला लमार स्वमग्न. गुणगुणल्याशिवाय त्याचं पाऊलच उचलत नसे. कायद्याने त्याला असं काढून टाकता येत नव्हतं, म्हणून व्हर्लीनने त्याच्या आईला फोन करायचा, "आज त्याचं काही बरं दिसत नाही, घेऊन जातेस का?" 'घरी पाठवतोय' असं चुकूनही म्हणायचं नाही, म्हटलं की ती शिक्षा ठरते, नोंद होते, सुनावणी लागते. सगळं गोडीगुलाबीत. फोनला वैतागून आई आपणच पोराला काढते. वा रे न्याय! व्हर्लीनचा आवाज मधाळ, म्हणून हे लोढणं तिच्या गळ्यात.

त्या सोमवारी मुख्याध्यापक कॉलिन्स दारात येऊन उभे राहिले. वयाने तिच्या मुलाएवढे. "मिस व्हर्लीन, लावा फोन."

लमारची आई शनेल हॉटेलच्या धुलाईखान्यात कामाला. मागे यंत्रं धडधडत होती. "मिस व्हर्लीन, आज निघाले तर सुपरवायझरबाई मला परत उभं करायची नाही. खरं सांगा, माझ्या लेकराला हाकलताय ना?"

व्हर्लीन दमली होती. खोटं बोलायलासुद्धा अंगात बळ लागतं, ते आज नव्हतं.

"हो गं पोरी, हाकलतायत. येऊ नकोस. लेखी द्या म्हण."

कॉलिन्सचा चेहरा पांढराफटक पडला. "अहो, हे काय बोललात?"

"करतोय तेच बोलले, बाळा."

लेखी द्यायला कोण बसलंय? फोन थांबले. लमार गुणगुणत पट्टीवरून चालत राहिला आणि शनेलची नोकरी टिकली.

मे महिन्यात टी-शर्ट वाटले. नारिंगी. व्हर्लीनच्या नावाचा नव्हता. तिला ठाऊक होतं, तरी मेलं मन ऐकेना, तिने खोक्यात पुन्हा हात घालून पाहिला. लमारला मात्र मिळाला होता. तो ढगळा टी-शर्ट अंगात घालूनच तो गुणगुणत तिला दाखवायला आला.

तिने वाकून त्याच्या बाह्या दुमडल्या. कंबरेतून कळ आली.

"पुढच्या वर्षी बरोबर बसेल हो तुला," ती म्हणाली.