तबकडीतला शीळवाला

गाणं संपायच्या थोडं आधी ते उजव्या हाताची तर्जनी वर करत आणि डोळे मिटून घेत. गाणं संपे, टाळ्या सुरू होत आणि त्या टाळ्यांतून एक लांब, वर चढत जाणारी शीळ येई. मग डोळे उघडून, घरी आलेल्या भाच्याची ओळख करून द्यावी तशा कौतुकाने ते म्हणत, “हा पाहा आपला माणूस.”

हा आपला माणूस होता विलायतेतला. एका इंग्रजी बँडच्या तबकडीवर टाळ्या वाजवणाऱ्या गर्दीत तो कुठेतरी उभा होता. बँडचं नाव मी सांगणार नाही. नाव सांगितलं की तुमच्यातले निम्मे आपापली मतं काढून बसतील, आणि मला इथे फक्त या तर्जनी वर करणाऱ्या गृहस्थांची मतं सांगायची आहेत.

नागपुरात सीताबर्डीच्या एका बोळात त्यांचं लाउडस्पीकर भाड्याने देण्याचं दुकान होतं. कर्णे, माइक, वायरींची भेंडोळी, आणि दारावर निळ्या अक्षरांची मोठी पाटी. काटोल-नरखेडकडची लग्नं, गावातल्या सभा, आमच्या शाळेचं स्नेहसंमेलन, सगळीकडे कर्णे त्यांचे. दसऱ्याला दीक्षाभूमीवरही ते कर्णे लावत, पण तिथे भाडं घेत नसत. त्यांच्या वडिलांनी तिथेच दीक्षा घेतली होती. एवढ्या माणसांचा आवाज वर्षानुवर्षं ऐकल्यामुळे गर्दीतलं आपल्याला कळतं, अशी त्यांची खात्री होती. खात्री नसलेली एकही गोष्ट त्यांच्या तोंडून मी कधी ऐकली नाही.

मी त्या शाळेत मराठी शिकवत असे. पहिल्यांदा गेले ती तक्रार घेऊन; संमेलनात माइक शिट्ट्या मारत होता. त्यांनी मला स्टूल दिलं, थांबायची खूण केली आणि चालू असलेली तबकडी संपेपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. तक्रार राहूनच गेली, आणि दर रविवारी सकाळी तिथे जमणाऱ्या सात-आठ जणांत मी एक झाले.

सदरमधलं एक अँग्लो-इंडियन कुटुंब देश सोडून गेलं, तेव्हा जाताना त्यांनी या बँडच्या चार तबकड्या यांना दिल्या होत्या. तीन स्टुडिओत केलेल्या, एक कार्यक्रमात. त्यांच्या भाषेत तीन ‘खोलीतल्या’ आणि एक ‘मैदानी’. पहिल्या खोलीतल्या तबकडीबद्दल त्यांचं मत बरं होतं. पोरं नवीन आहेत, भुकेली आहेत म्हणत. दुसरीत व्हायोलिनं घुसली होती, तिथे ते नाक मुरडत. “नवरदेवाले दिसू द्याल का नाही? वाजंत्रीच पुढे,” असा त्यांचा शेरा होता. तिसरी त्यांनी एकदाच वाजवली आणि तिच्यावर चहाची बशी ठेवायला सुरुवात केली.

मैदानी तबकडीची गोष्ट वेगळी. चौथ्या गाण्यात ड्रमवाला एकदम घाई करतो, गिटारवाला गोंधळतो आणि चार मात्रा गप्प राहून त्याला गाठतो. ती जागा आली की ते खुर्चीवरून अर्धे उठत. “सांभाळलं. खोलीत असं झालं असतं तर पुसून टाकलं असतं ना बाई,” म्हणत. एकदा मी गाण्याचा अर्थ सांगायला गेले. अर्थ राहू द्या म्हणाले. तो काय म्हणून राहिला ते नाही, कसा म्हणून राहिला ते ऐका. त्या दिवसापासून त्यांनी माझ्याकडून इंग्रजीचं एवढंच काम घेतलं: पाकिटावरची ‘प्रत्यक्ष कार्यक्रमात ध्वनिमुद्रित’ ही ओळ नव्या माणसाला वाचून दाखवायची. मी ती मोठ्या आवाजात वाचत असे.

त्यांचा विरोधक शेजारीच बसे. घड्याळं दुरुस्त करणारा त्यांचा बालमित्र, सगळे त्याला घड्याळजी म्हणत. त्याला खोलीतल्या तबकड्या आवडत, कारण त्यांत सगळं वेळेवर होई. मैदानी तबकडीला तो बाजार म्हणे. दोघांचं भांडण इतकं जुनं होतं की कोण काय बोलणार हे आम्हाला पाठ झालं होतं. एका रविवारी मात्र घड्याळजी नवीनच बोलला. एवढ्या गर्दीत तीच शीळ एवढी साफ कशी येते, असं त्याने विचारलं.

त्यांना ते लागलं. पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्या गाण्याला शीळ घालणारा तो एकच माणूस आहे, म्हणूनच तर तो पक्का रसिक, असं त्यांनी आम्हाला कित्येकदा समजावलं होतं. त्यांनी दाराकडे हात केला. “ही रेकॉर्ड खोटी निघाली ना गा, तर ती पाटी माझ्या हातानं उतरवीन.” आम्ही सगळ्यांनी ते ऐकलं.

पुढे जे झालं त्याला मी कारण झाले. शाळेच्या नाटकात पुढाऱ्याची जंगी सभा होती आणि माझ्याजवळ गर्दी म्हणून अकरा मुलं होती. मी दुकानात जाऊन टेपवर टाळ्या मागितल्या. ते खूष झाले. खऱ्या माणसांच्या देतो म्हणाले, आणि नव्या टेपरेकॉर्डरवर मैदानी तबकडीतल्या तीन गाण्यांच्या शेवटच्या टाळ्या तेवढ्या, एकापाठोपाठ एक, उतरवून घेतल्या. बुधवारची दुपार होती, दुकानात आम्ही दोघंच. त्यांनी कॅसेट उलटी फिरवून पहिल्यापासून लावली.

टाळ्या, शीळ, कुणाचा तरी दोनदा खोकला, बाटली पडल्याचा आवाज. त्यांनी बोट वर केलं. पुन्हा टाळ्या, तीच शीळ, दोनदा खोकला, बाटली. बोट अर्ध्यावर थांबलं. तिसऱ्यांदा शीळ आली, खोकला आला, बाटली पडली. हात टेबलावर होता.

मधे गाणी होती तोवर हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. नुसत्या टाळ्या जोडल्यावर लपायला जागा उरली नाही. बँडने बंद खोलीत वाजवलं होतं आणि कुणीतरी एकच टाळी तीन ठिकाणी चिकटवली होती. त्यांनी कॅसेट आणखी दोनदा ऐकली. एवढ्या वर्षांत त्यांचा चेहरा असा उतरलेला मी पाहिला नव्हता आणि मला फार वाईट वाटलं. पाकिटावरची ती ओळ मीच तर ठणकावून वाचत आले होते. ही कॅसेट पुसून टाका, घड्याळजींना कळायचं काही कारण नाही, असं मी सुचवलं. मी मास्तरीण, आणि मी त्यांना लपवायला सांगत होते.

“मले कळलं ना बाई,” ते म्हणाले.

रविवारी मी लवकरच गेले. सगळे जमले तेव्हा त्यांनी तबकडी लावलीच नाही, कॅसेट लावली. आधी काही सांगितलंही नाही. घड्याळजीने एकदा ऐकलं, मग पुन्हा लावायला सांगितलं आणि हातातल्या घड्याळाच्या काट्याकडे बघत ऐकलं. तिन्ही टाळ्या सेकंदाला सेकंद सारख्या भरल्या. तो जिंकला होता, पण घड्याळ खिशात ठेवून तो खाली बघत बसला.

ते स्टूल घेऊन दाराशी गेले. घड्याळजी मागे धावला. “राहू दे गा, मी काय मनावर घेतलं होतं?”

“मी घेतलं होतं.”

पाटी चार स्क्रूंची होती आणि गंजली होती. ते वर चढले, आणि घड्याळजी खाली बसून स्टुलाचे पाय धरून राहिला. त्याला बराच वेळ धरावं लागलं. पाटी उतरल्यावर दोघांनी मिळून ती आत नेली आणि कर्ण्यांच्या मागे उभी केली. ती पुन्हा लागली नाही. धंद्याचं त्याने काही बिघडलं नाही. विलायती गाण्यावरून पाटी उतरवणारा माणूस कोण, हे बघायला काटोलचे लोक मुद्दाम बोळात येत.

मतं थांबतील असं तुम्हाला वाटलं असेल, तर तुम्ही त्यांना ओळखलं नाही. पुढच्याच रविवारी मैदानी तबकडी पुन्हा लागली. टाळ्या सुरू व्हायच्या आत ते सुई उचलत. त्यांचा नवा निकाल तयार होता: खोलीतली आहे, पण चौघांनी एकाच वेळी, एकमेकांकडे पाहून वाजवलेली आहे, टाळी खोटी, चूक खरी. घड्याळजीने पहिल्यांदाच मान डोलावली. चौथ्या गाण्यातली ती घाई आपल्यालाही आवडते, असं तो हळूच म्हणाला.

माझ्या नाटकाचं काम त्यांनी अर्धवट सोडलं नाही. रंगीत तालमीला पालक आले होते. यांनी टेपरेकॉर्डर सुरू केला, माइक उलटा करून पालकांकडे वळवला, स्वतः त्याच्याजवळ उभे राहिले आणि पालकांना टाळ्या वाजवायला सांगा, असं मला म्हणाले. पालकांनी जीव तोडून वाजवल्या. मधेच एक शीळ आली. आमच्या मुख्याध्यापिका शिस्तीच्या. त्या सगळ्या वडीलमंडळींकडे रोखून बघत राहिल्या, पण शीळवाला काही सापडला नाही. नाटकात त्या टाळ्यांची नुसती सुरुवात वाजली आणि कॅसेट त्यांच्याकडेच राहिली.

नंतर काही वर्षांनी एका उन्हाळ्यात ते गेले. दुकान बंद झालं. घड्याळजी अजून रविवारी स्टूल बाहेर काढून बसतो, असं ऐकलं. मी भेटायला गेले तेव्हा त्यांच्या बायकोने कपाटातून ती कॅसेट काढून दिली. वर त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘बाईंची टाळी, खरी’.

घरी आल्यावर मी ती पहिल्यांदाच पूर्ण ऐकली. टाळ्या सुरू होतात, एक बाई हसते, मग शीळ येते. लांब, वर चढत जाणारी, माइकच्या अगदी जवळून. माइकजवळ त्या दिवशी एकच माणूस उभा होता. टाळ्या त्यानंतरही बराच वेळ चालतात. मी दर वेळी शेवटपर्यंत ऐकते. शीळ पुन्हा येत नाही.