डाव्या हाताला झोपणारा

तेक्ले सायकली दुरुस्त करायचा तो उभ्या उभ्या. हॉलंडमधल्या लायडस्खेनडाम गावी समाजघरामागे एक लांबट खोली होती. बुधवारी नि शनिवारी लोक तिथे आपल्या कुरकुरणाऱ्या सायकली आणून लावायचे. तेक्ले चाक गरकन फिरवायचा आणि वैद्यानं नाडी बघावी तसा कान देऊन ऐकायचा. शेजारी चांगलं गुबगुबीत स्टूल असे, पण त्यावर तो बसेल तर शपथ. "बसलो की हाक येते," म्हणायचा.

हाक कसली, तर फौजेची. सात वर्षं त्याच हाकेवर उठला-बसला होता.

तेक्ले एरिट्रियाचा. आफ्रिकेच्या पूर्व अंगाला, तांबड्या समुद्राच्या काठावरचा हा देश. नकाशावर बोट ठेवलं तर बोटाखाली झाकून जाईल एवढासा, पण फौज मात्र केवढी! इथिओपियाशी तीस वर्षं डोंगरात लढून हे लोक सुटले. तेव्हा त्या लढणाऱ्यांत ना कुणी कर्नल, ना कुणी मेजर. बाया आणि बाप्ये एकाच खंदकात, नि सगळ्यांच्या पायात त्याच काळ्या प्लास्टिकच्या चपला. तेक्लेचा मामा त्यांतलाच. देश सुटला, खांद्यावर पट्ट्या आल्या, हुद्दे आले, आणि मागोमाग कायदा आला. अठराच्या पुढच्या प्रत्येक मुलामुलीनं दीड वर्ष फौजेला द्यायचं. सहा महिने सावाच्या छावणीत शिकायचं, वर्षभर नेमतील तिथे राबायचं.

तेक्लेला शहाण्णव साली, विसाव्या वर्षी बोलावणं आलं. दीड वर्ष त्यानं इमानानं केलं. केरेन गावी परतला, बापाच्या सायकलच्या दुकानात हात काळे करायला लागला, तोवर इथिओपियाशी पुन्हा जुंपली. पुन्हा बोलावणं. ती लढाई दोन हजार साली थांबली, पण माणसांना सोडायचं नाव कुणी काढीना. लढाई नाही ना, मग रस्ते बांधा. रस्ते झाले? धरण बांधा. घरी कधी जायचं? कळवू. दीड वर्षाचा कायदा कागदावर तसाच राहिला आणि माणसं खंदकात तशीच राहिली. शेवटी दोन हजार तीन साली तो सुदानच्या बाजूनं निसटला, आणि वाळवंट, समुद्र असं करत वर्षभरानं हॉलंडला पोचला.

पोचला म्हणजे सुटला, असं त्याला वाटलं. इथे निर्वासितांच्या केंद्रात चौघांत एक खोली मिळाली. पगाराचं काम करायला मनाई, म्हणून सायकली फुकट. दर मंगळवारी खिडकीशी जाऊन हजेरीचा शिक्का. "तिथेही हजेरी, इथेही हजेरी," तो मृदुलाला म्हणाला होता. "फरक एवढाच, की इथली शिक्का मारणारी बाई आधी गुड मॉर्निंग म्हणते."

मृदुला शेजारच्या फोरबर्गला राहणारी, पुण्याची, कंप्युटरमध्ये नोकरी करणारी. तिच्या सायकलची चेन सारखी उतरायची. तेक्लेनं ती तीनदा बसवली, चौथ्यांदा म्हणाला, "चेनला काही झालेलं नाही. तुम्ही रागानं पेडल मारता." मृदुलाला हा माणूस आवडला. एका रविवारी तिनं त्याला जेवायला घरी आणलं.

घरात नवरा चंद्रशेखर, आणि साताऱ्याकडून सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई, वसुधाबाई. त्या तिसऱ्या मजल्यावरून खाली ट्राम बघत बसलेल्या असायच्या. खालचं दार आकडे दाबून उघडायचं. ते आकडे त्यांना लक्षात राहात नसत, म्हणून एकट्या कुठे जात नसत. पाहुणा आला की त्यांना बरं वाटे. केरेन हे नाव ऐकताच त्या म्हणाल्या, "अगं मृदुला, आमच्या आळीतल्या पवारांचे आजोबा केरेनच्या लढाईत गेले, ते हेच का?"

तेच निघालं. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी तिथे नेलेली मराठ्यांची पलटण. त्या वेळच्या आपल्या माणसांच्या नावांचे दगड तिथे अजून आहेत, आणि तेक्ले लहानपणी तिथल्या भिंतीवरून उड्या मारायचा.

"म्हणजे आमच्या माणसांना सोबत होती म्हणायची," वसुधाबाई म्हणाल्या, आणि त्याच्या ताटात चौथी पोळी पडली.

पोळी खाता खाता तेक्लेनं सगळं सांगितलं. सरकारी मुलाखतीत त्याला फौजेबद्दल विचारलं होतं. तुझी डिव्हिजन कुठली? कोअर कितवी? वरचा अधिकारी कोण? त्याला सांगता आलं नाही. निकालात लिहून आलं, की ज्याला आपल्या फौजेची रचना ठाऊक नाही, तो त्या फौजेत होता असं मानता येत नाही. वकीलबाईंनी धडपड करून दुसरी मुलाखत मिळवली होती, महिन्यावर आली होती. तीही फसली तर देश सोडायचा. आणि परत गेलेल्या पळपुट्याला तिथे घर नसतं, तुरुंग असतो.

"पण सात वर्षं होतास ना रे तू? मग आलं कसं नाही?" चंद्रशेखरनं विचारलं.

"माझ्या सैन्यात पस्तीस माणसं होती," तेक्ले म्हणाला. "त्यांच्या पुढे काय आहे ते खंदकातून दिसत नाही. तुकडीला आकडा असेलही. आम्ही म्होरक्याच्या नावानं ओळखायचो."

"मग ते नाव सांगायचं!"

तेक्लेनं मान हलवली. "माणूस पळाला की त्याच्या शेजारी झोपणाऱ्याला आधी उचलतात. विचारतात, तुला कळलं कसं नाही? एकदा नाव कागदावर चढलं की कागद कुठे कुठे जाईल कोणी सांगावं. मी नावं देत नाही."

आता चंद्रशेखर हा दहावीपासून नोकरीपर्यंत प्रत्येक परीक्षा अपेक्षित प्रश्नांची उत्तरं घोकून पास झालेला. त्याचे डोळे लकाकले. "अरे, मग नावं नकोतच! रचना विचारतात ना? रचना पाठ करू. महिना म्हणजे चिक्कार झाला."

दुसऱ्या रविवारी तयारी झालेली. इंटरनेटवरून चाळीस पानं काढून त्यानं टाचली होती आणि फ्रिजवर चौकोनांचा भलामोठा तक्ता चिकटवला होता. सगळ्यांत खाली दहा-बारा जणांची टोळी. तशा तीन मिळून गांता, तीन गांता मिळून हायली, मग बटालियन, ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर. एका बाजूला नौदल, दुसऱ्या बाजूला हवाई दल.

"हायली म्हणजे?"

"तीन गांता."

"नौदलाचं ठाणं?"

"मसावा."

"हवाई दल?"

"अस्मारा."

"शाब्बास! जरा जलद. त्यांना विचार करायला वेळच द्यायचा नाही."

चार रविवार हेच चाललं. पोहे परतता परतता वसुधाबाईंचंही पाठ झालं, त्या कढईपासूनच ओरडायच्या, "मसावा!" तेक्ले हसायचा, पण हसता हसता त्याची नजर खिडकीकडे जायची. आपल्याच फौजेत आपण परत भरती झालोय, या खेपेला फ्रिजवरच्या, असं त्याला वाटायचं.

शेवटच्या रविवारी चंद्रशेखर फोनवर बोलायला आत गेला तेव्हा वसुधाबाई चहा घेऊन समोर बसल्या. मृदुलाला म्हणाल्या, "त्याला विचार बाई, हे चौकोन राहू देत. खंदकात झोपताना याच्या उजव्या हाताला कोण असायचं?"

मृदुलानं विचारलं. तेक्लेनं कप खाली ठेवला.

"त्सेगाय," तो म्हणाला. "शाळामास्तर. झोपेत पाढे म्हणायचा. सातच्या पाढ्यात नेहमी एके ठिकाणी चुकायचा, आणि अंधारातून कुणीतरी दुरुस्त करायचं. नव्व्याण्णव साली त्सोरोनाच्या आघाडीवर गेला."

"आणि डाव्या हाताला?"

तेक्ले गप्प बसला. चहावर साय धरली तरी गप्प.

"आहे वाटतं तो," वसुधाबाई म्हणाल्या. मृदुलानं याचं भाषांतर केलं नाही. करायची गरजच पडली नाही.

मुलाखतीला मृदुला त्याच्याबरोबर आगगाडीनं गेली. आत तिला सोडलं नाही, ती बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिली. आतल्या खोलीत चौघं होती. साखळीचा चष्मा घातलेल्या अधिकारीबाई, दुभाष्या, वकीलबाई आणि तेक्ले. खिडकी होती, पण तिचा वरचा पट्टा चार बोटं उघडेल एवढीच. तेक्लेनं ते आत शिरताक्षणीच बघून घेतलं होतं.

"पायदळाची रचना सांगता येईल का?" अधिकारीबाईंनी विचारलं.

तेक्लेनं सुरुवात केली. टोळी, गांता, हायली. बाई लिहू लागल्या, वकीलबाईंचा चेहरा खुलला. बटालियन, ब्रिगेड, डिव्हिजन. आता थांबायचं. पण घोकलेल्याचं असं असतं, की उतारावरच्या सायकलसारखं ते आपलं आपण पुढे जातं. ब्रेक कुठे लावायचा हे चंद्रशेखरनं शिकवलंच नव्हतं. कोअर झाली. नौदल झालं, मसावा झालं, हवाई दल झालं, अस्मारा झालं, विमानांचे प्रकारसुद्धा झाले.

बाईंची लेखणी थांबली होती.

"नौदलाचं मी विचारलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "गेल्या खेपेला तुम्हाला आपली डिव्हिजनही माहीत नव्हती. आज विमानं माहीत आहेत. हे कुठे शिकलात?"

फौजेत शिकलो म्हणावं, तर खोटं, आणि मागच्या कागदावर उलट लिहिलेलं. खरं सांगावं, तर पढवून आणलेला पोपट. गेल्या खेपेला कमी माहीत होतं म्हणून खोटा ठरलो, या खेपेला जास्त माहीत आहे म्हणून. त्यानं खिडकीच्या त्या चार बोटांकडे पाहिलं. तिथून मांजर गेलं नसतं.

"फोरबर्गला शिकलो," तो म्हणाला. "एका फ्रिजवर."

दुभाष्यानं त्याला पुन्हा विचारलं, फ्रिजवरच ना? मग बाईंना सांगितलं. वकीलबाईंनी डोळे मिटले.

"माझे मित्र चांगले आहेत," तेक्ले पुढे बोलत राहिला. "त्यांना वाटलं, ही परीक्षा आहे. त्या तक्त्यातला सगळ्यांत खालून दुसरा चौकोन माझा. तेवढाच मी पाहिलाय. वरचं सगळं मलाही इथेच कळलं."

"मग त्या चौकोनाबद्दल सांगा. कोण होतं तिथे?"

"जिवंत आहेत त्यांची नावं मी सांगणार नाही."

"असं चालत नाही, श्रीयुत तेक्ले."

"मेलेल्यांची सांगतो. त्यांना आता कुणी हजेरीला उभं करणार नाही."

मग त्यानं झोपायच्या ओळीनं सुरुवात केली. खंदकाच्या तोंडापासून पहिली म्हरेत, मशीनगन उचलणारी. केस विंचरायला रोज कुणाचा तरी आरसा मागायची आणि रोज मिशीवाल्या बेरहानेकडूनच मागायची. मग बेरहाने. मग सालेह, ज्याच्या चपलेचा पट्टा तेक्लेनं सायकलच्या ट्यूबनं जोडून दिला होता. त्या पट्ट्यावरूनच त्याला नंतर ओळखलं. मधे जिवंत माणूस आला की तेक्ले नुसता बोट उचलायचा, "इथे एक जण," आणि पुढे जायचा. दुभाष्यानं दोनदा पाणी मागून घेतलं. एकोणीस नावं झाली. बाईंनी प्रत्येक नावाची अक्षरं विचारून घेतली. शेवटचा त्सेगाय, पाढ्यासकट.

"त्याच्या शेजारी तुम्ही," बाई म्हणाल्या. "आणि तुमच्या डाव्या हाताला?"

"इथे एक जण."

"हे नाव सांगितलंत तर मला तुमची बाब पडताळता येईल. नाही सांगितलंत तर तुमचंच नुकसान होऊ शकतं. कळतंय ना?"

"कळतंय," तेक्ले म्हणाला. "मी पळालो त्या रात्री तो जागा होता. त्यानं कूस बदलली आणि पाठ केली माझ्याकडे."

बाईंनी चष्मा काढून साखळीवर सोडला. मग त्यांनी लिहिलं. काय लिहिलं ते तेक्लेला दिसलं नाही.

निकाल येईतो अकरा मंगळवार गेले. अकरा शिक्के. चंद्रशेखरनं फ्रिजवरचा तक्ता गुपचूप काढला. "माझ्यामुळेच," म्हणून तोंड पाडून बसायचा, आणि तेक्लेनंच त्याला समजवायचं. बाराव्या आठवड्यात पत्र आलं. राहायची परवानगी मिळाली होती. पत्रात एकच ओळ मुलाखतीची होती: अर्जदारानं आपल्या तुकडीचं वर्णन स्वतःच्या अनुभवातून केलं आहे, असं मानण्यात येतं.

वसुधाबाईंचं परतीचं विमान त्याच आठवड्यात होतं. त्या मृदुलाबरोबर सायकलींच्या खोलीवर निरोप घ्यायला आल्या, डब्यात बेसनाचे लाडू घेऊन. तेक्लेनं लाडू घेतला आणि पहिल्यांदाच स्टुलावर बसला. बसला खरा, पण दाराकडे तोंड करून.

"आता कागद झाला," वसुधाबाई म्हणाल्या, आणि मृदुला भाषांतर करत गेली. "आता तरी सांग की रे, डाव्या हाताला कोण होतं?"

तेक्लेनं उरलेला लाडू तोंडात टाकला आणि सावकाश चावला. गालातल्या गालात हसला.

"तुमच्या दाराचे आकडे पाठ झाले का, आई?"

"नाही बाबा."

"मग राहू दे," तो म्हणाला. "त्यालाही बाहेरचं दार उघडता आलेलं नाही. तो अजून तिथे आतच आहे."

बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवली. आवाज झाला मात्र, तेक्ले उठून उभा राहिला होता.