देवीचे वण

त्या चित्रकाराचं नाव आम्ही कधी विचारलंच नाही. महाराष्ट्र वेगळा झाला आणि आमचं बऱ्हाणपूर मध्य प्रदेशातच राहिलं, त्या वर्षी माझे वडील गेले. त्यांचा एकही फोटो नव्हता, म्हणून काकांनी त्याला रावेरहून बोलावून घेतलं.

वडिलांच्या उशाशी बसून तो पेन्सिलने त्यांचा चेहरा काढत होता. शेडिंगला बोट लावत नव्हता. घामाचा डाग पडतो म्हणे. चित्रातल्या कपाळावर कापसाचा बोळा हलकेच फिरवायचा, नाकाच्या कडेला कागदाची घट्ट सुरळी. बाहेर तिरडी बांधून झाली होती.

"जल्दी कर भाऊ," काका म्हणाले, "आणि गालावरचे ते देवीचे वण घासून टाक. चेहरा साफ दिसला पाहिजे."

सुरळी गालापाशी थांबली. काकांकडे त्याने पाहिलंही नाही. भिंतीशी बसलेल्या आईला म्हणाला, "वहिनी, एकदा घासलं की हा चेहरा मला परत सापडायचा नाही. तुम्ही सांगा."

बाहेरून निघायची हाक आली.

चारचौघांत वडिलांकडे कधी मान वर करून न पाहिलेली आई उठली, चित्र निरखून पाहिलं आणि वडिलांच्या गालावर बोट ठेवून म्हणाली, "भाऊ, हा वण चित्रात आला नाही."